चंद्रपूरच्या उन्हात 'ओव्हरक्लॉकिंग' करताना

प्रोसेसरला कंपनीने ठरविलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालविणे म्हणजे 'ओव्हरक्लॉकिंग'. चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रयोग प्रथमच करणाऱ्यांनी मे महिना टाळलेलाच बरा. प्रोसेसरवरील पंखा त्याला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली, की प्रोसेसरही जवळपास तेवढ्याच अंशांनी तापतो.

मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ४५ असल्यास वेग ४.५ गिगाहर्ट्झ होतो. इंटेलच्या 'के' मालिकेत व एएमडीच्या बहुतेक रायझेनमध्ये गुणक खुला असतो. मदरबोर्डही अनुकूल हवा. बायोसमध्ये गुणक एकेकानेच वाढवावा, प्रत्येक वेळी तासभर पूर्ण भार देऊन पाहावे आणि तापमान ८५ अंशांपुढे जाऊ लागताच मागे फिरावे. खरा धोका व्होल्टेजचा. वेग व व्होल्टेज दोन्ही १० टक्के वाढविल्यास विजेचा वापर, अर्थात उष्णताही, सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते.

आपल्याकडे घरोघरी चालणाऱ्या कूलरची ओलसर हवाही थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. कोळशाची धूळ त्या ओलाव्याने हीटसिंकमध्ये घट्ट बसते. संगणक सुरूच झाला नाही, तर वीजपुरवठा काढून 'क्लिअर सीमॉस' करावे, मूळ मांडणी परत येते. अशा प्रयोगातील नुकसानीस वॉरंटी मात्र लागू होत नाही.