पाठीच्या कण्यातल्या रज्जूला दिशा कोण देतं?

सुरुवात : गर्भधारणेनंतर साधारण 28व्या दिवसापर्यंत मज्जानलिका मिटते. पुढे तिचाच मेंदू आणि मज्जारज्जू होतो.

दोन टोकांचे संदेश : नलिकेच्या पोटाकडच्या बाजूला असलेल्या नोटोकॉर्ड या दांड्यासारख्या भागातून ‘सॉनिक हेजहॉग’ हे प्रथिन पाझरतं. पाठीकडच्या बाजूने ‘बीएमपी’ आणि ‘विंट’ ही प्रथिनं येतात. उदबत्तीच्या वासासारखं यांचं प्रमाण उगमापासून दूर जाताना विरळ होत जातं. कुठलं प्रथिन किती आणि किती वेळ मिळालं, यावर पेशीचं भवितव्य ठरतं. त्यातूनच पोटाकडे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी तयार होतात, तर पाठीकडे स्पर्श आणि वेदनेचे संदेश पुढे नेणाऱ्या.

पुरावा : कोंबडीच्या भ्रूणात मज्जानलिकेच्या कडेला नोटोकॉर्डचा जादा तुकडा बसवला, तर एरवी नसतात तिथेही स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी उगवतात.

स्टेट कॉलेजमधलं काम : अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावातल्या पेन स्टेट विद्यापीठात आयमिन लिऊ यांच्या गटाने उंदरांमधलं ‘फझी’ हे जनुक तपासलं. ते बिघडलं की पेशींवरचे सिलिया हे सूक्ष्म तंतू नीट बनत नाहीत आणि हेजहॉगचा संदेश पेशीत धड पोहोचत नाही. हा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला.

मूळ शोध : ‘सॉनिक हेजहॉग’च्या कुळातलं हेजहॉग जनुक आधी फळमाशीत सापडलं. क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी 1980 मध्ये ते नोंदवलं. भ्रूणविकासावरील संशोधनासाठी दोघांना 1995 मध्ये एडवर्ड लुईस यांच्यासह नोबेल मिळालं.