स्थलांतराचा दुसरा रकाना

वर्धा जिल्ह्यातील सुशिक्षित तरुण परदेशी निघाला, की घरात प्रथम पगाराचा हिशेब मांडला जातो. मानाचा रकाना कोराच राहतो. या बाबतीत बेने इस्रायलींचा अनुभव उद्बोधक आहे. १९४८ नंतर कोकण-मुंबईतील ही मराठीभाषक ज्यू कुटुंबे स्वधर्मीयांत स्थायिक होण्यासाठी इस्रायलला गेली. तरीही १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने इतर ज्यूंशी होणाऱ्या त्यांच्या विवाहांपूर्वी पूर्वजांची चौकशी आवश्यक ठरविली. तीव्र आंदोलनानंतर १९६४ मध्ये संसदेने त्यांचा समान दर्जा घोषित केला. स्वधर्मीयांतही बरोबरी जर झगडून मिळवावी लागते, तर परक्यांत ती आपोआप लाभेल असे पालकांनी गृहीत धरू नये. तिकिटाच्या पैशांबरोबर मुलांना ही जाणीवही द्यावी.