यल्दाच्या रात्रीचा कौल

डिसेंबरच्या २१ तारखेच्या आसपास, आझर महिना सरून दै महिना उजाडण्यापूर्वी, इराणी लोक जी रात्र वर्षातील दीर्घतम म्हणून जागवतात, ती तेहरानच्या अक्षांशावर सुमारे सव्वाचौदा तासांची असते. तिला ‘शब-ए-यल्दा’ म्हणतात. आदल्या रात्रीहून ती मिनिटभराने मोठी असते अशी लोकसमजूत असून, गणिताने पाहू गेल्यास हे अंतर काही सेकंदांपलीकडे जात नाही. परंतु ज्या जादा मिनिटाच्या निमित्ताने सगेसोयरे वडीलधाऱ्यांच्या घरी जमतात, त्या मिनिटाची झडती घेणे अरसिकपणाचे होय.

‘यल्दा’ हा शब्द मूळचा फार्सी नव्हे. तो सुरियानी भाषेतून आला आणि त्याचा अर्थ जन्म. आपल्या जुन्या दफ्तरांत ‘अमुक वलद तमुक’ असे जे आढळते, त्यातील अरबी ‘वलद’ आणि हा ‘यल्दा’ ही एकाच सेमिटिक धातूची अपत्ये आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे या परक्या नावाची वंशावळ थेट आपल्या कुलकर्ण्याच्या दप्तरापर्यंत येऊन पोहोचते. जन्म कोणाचा, तर सूर्याचा, असे सामान्यतः सांगतात. याच रात्रीचे दुसरे, घरगुती नाव ‘चेल्ले’. कारण चाळीस दिवसांची मोठी थंडी येथूनच सुरू होते. प्रकाशाचा जन्म आणि कडाक्याच्या हिवाळ्याचा प्रारंभ अशा दोन्ही रकमा एकाच रात्रीच्या खाती जमा आहेत.

इ. स. १०७९ मध्ये सुलतान मलिकशाहच्या आज्ञेने जे जलाली पंचांग सिद्ध झाले, त्याच्या गणितात एका कवीचा हात होता. ज्याच्या रुबाया माधव जूलियनांनी मराठीत आणल्या, तो उमर खय्याम हाच. त्याच परंपरेतले आजचे इराणी पंचांग वसंतसंपाताशी बांधलेले असल्याने यल्दा अयनबिंदूपासून ढळलेली नाही. आपली मकरसंक्रांत मात्र निरयन गणनेमुळे जानेवारीच्या मध्यापर्यंत सरकली, आणि आपण तिळगूळ हाती ठेवतो तेव्हा सूर्याने मार्ग बदलून तीन आठवडे उलटलेले असतात. वर्दी उशिरा पोहोचते, इतकेच. गोडी कमी होत नाही.

जुन्या वळणाच्या इराणी घरात या रात्री बैठकीच्या मध्यभागी ‘कुर्सी’ मांडलेली असे. नाव ऐकून खुर्ची डोळ्यांसमोर आणू नये. ते एक बुटके मेज, त्याच्याखाली निखाऱ्यांची शेगडी, वरून चारी बाजूंनी जमिनीवर लोळणारी जाड रजई, आणि त्या रजईत पाय सारून, पाठीशी तक्के घेऊन बसलेले आजोबांपासून नातवंडांपर्यंतचे सारे कुटुंब. वर तबकांत डाळिंबाचे दाणे, अक्रोड, पिस्ते आणि भर हिवाळ्यासाठी जपून ठेवलेले कलिंगड, ज्याला फार्सीत ‘हिंदवाने’, म्हणजे हिंदुस्थानातले, असे नाव आहे. डाळिंब-कलिंगडाच्या लालीत त्यांना उषेचा रंग दिसतो. या पसाऱ्यात, रसाचा डाग पडू नये इतक्या बेताने अलीकडे सरकवून, एक ग्रंथ ठेवलेला असतो: शिराझच्या ख्वाजा शम्सुद्दीन मुहम्मद हाफिजचा दिवाण.

हाफिज चौदाव्या शतकातला. कझविनी आणि गनी यांनी १९४१ साली संपादिलेल्या दिवाणात त्याच्या ४९५ गझला आहेत. आपल्या दख्खनशीही त्याचा संबंध येता येता राहिला. बहमनी सुलतानाचा वजीर फजलुल्ला इंजू याने त्याला वाटखर्ची धाडून गुलबर्ग्यास बोलावले, तो होर्मुझपर्यंत आलाही, परंतु गलबताची आणि वादळाची गाठ पडताच त्याने दख्खनचा नाद सोडला आणि आपल्याऐवजी एक गझल रवाना केली, अशी हकिकत इतिहासकार फिरिश्त्याने नमूद केली आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, स्वतः न येता कविता पाठवण्याची ही रीत हाफिजला शोभणारी आहे. कारण यल्दाच्या रात्रीही घरोघर तो असाच हजर असतो.

मनात इच्छा धरून, हाफिजला आळवून, दिवाण मध्येच कोठेतरी उघडावयाचा, आणि जी गझल निघेल ती त्याचे उत्तर समजावयाची, या प्रकाराला ‘फाल’ म्हणतात. कोकणात-गोव्यात देवाला कौल लावताना मूर्तीवर चिकटवलेली फुले उजवीकडून पडतात की डावीकडून, हे ज्या एकाग्रतेने पाहिले जाते, तिची ज्याला ओळख आहे त्याला त्या बैठकीतले मौन समजावून सांगावे लागणार नाही. कौल हा आपला शब्दही अरबी-फार्सीच्या वाटेनेच आलेला. पुढची गझल ‘शाहेद’, म्हणजे साक्षीदार, मानतात; कवीचा शब्द झाला तरी त्याला साक्ष लागतेच.

आता यातील नवल असे की, फार्सी काव्यात यल्दा ही मुळी आनंदाची रात्र नाही. ती विरहाची रात्र आहे, प्रियेच्या लांब काळ्या केसांचे उपमान आहे. खुद्द हाफिजने सत्ताधाऱ्यांच्या सहवासाचे वर्णन करताना तिचाच अंधार वापरला आहे. पहाटेचे आश्वासन त्या कवितेत असते, पण ते बहुधा तक्रारीच्या आडून. २०२२ साली युनेस्कोने इराण व अफगाणिस्तान यांचा समाईक वारसा म्हणून या रात्रीची नोंद केली, त्या नोंदीपेक्षा मला हा विरोध अधिक मोलाचा वाटतो: रात्र संपत नाही म्हणून कण्हणाऱ्या ओळी, ती संपणार म्हणून जमलेली माणसे मोठ्याने वाचतात.

आणि असा कौल एखाद्या तरुण मुलीला निघाला, तर ओळीओळीतून विरह ओसंडत असताही घरातली आजी तो खुशाल शुभ ठरवते. ज्याचा वियोग झाला तो परत येण्याच्या वाटेवरच असणार, असा तिचा अर्थ. मुलगी संशयाने शाहेदची गझल पाहू लागते. तोवर शेगडीतली राख सारली गेलेली असते आणि पुढचा कौल कोणाचा, यावरून नातवंडांत तंटा सुरू झालेला असतो.