खाज थांबते, नायटा राहतो

पावसाळा सुरू झाला की जांघेत, काखेत किंवा कंबरेच्या पट्ट्याखाली लालसर चट्टे उठल्याची तक्रार घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणाऱ्यांची संख्या वाढते. भिजल्या कपड्यांनिशी केलेला लोकलचा प्रवास, दिवसभर अंगावरच वाळणारी जीन्स आणि दमट हवा हे सारे बुरशीच्या पथ्यावर पडते. बहुतेकांनी तोवर औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब आणून लावलेली असते. चार दिवसांत खाज थांबली, मलम बंद केले आणि पंधरवड्यात चट्टा दुप्पट होऊन परतला, अशी त्यांची हकिगत असते.

नायटा अथवा गजकर्ण हा त्वचेच्या अगदी वरच्या, मृत पेशींच्या थरातील संसर्ग होय. त्या थरातील केराटिन हे प्रथिन म्हणजेच या बुरशीचे अन्न. ती मध्यापासून बाहेर सरकत जाते. मधली त्वचा बरी झाल्यासारखी दिसते आणि भोवती खवलेदार, किंचित उंच कड उमटते. खाज आणि लाली ही मात्र मुख्यत्वे बुरशीशी झुंजणाऱ्या शरीराची प्रतिक्रिया असते. सारी गफलत होते ती येथेच.

क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल, टर्बिनाफिन यांसारखी बुरशीरोधक औषधे बुरशीच्या पेशीच्या आवरणाला लागणारा अर्गोस्टेरॉल हा घटक तयार होऊ देत नाहीत. हे काम सावकाश चालते. स्टेरॉइड मात्र शरीराची प्रतिक्रियाच दडपते, त्यामुळे खाज लगेच शमते. बाजारातील अनेक मिश्र मलमांत बुरशीरोधक औषधासोबत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असते, आणि रुग्णाला गुण येतो तो प्रथम त्याचाच. पहारेकरी झोपी गेल्यावर बुरशीला रान मोकळे मिळते. नायट्याची ओळखीची कड पुसली जाते व निदान अवघड होते. अशा वेषांतर केलेल्या नायट्याला १९६८ मध्ये आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असे नाव दिले. शिवाय जांघेतील त्वचा पातळ होऊन तेथे, गरोदरपणात पोटावर उमटतात तशा, कायमच्या रेषा पडतात त्या वेगळ्याच.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमांचा ‘एच’ अनुसूचीत समावेश केला. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम चांगला आहे. पण ‘खाजेचे काहीतरी द्या’ एवढ्यावर ट्यूब हाती पडण्याची सवय नियमाने मोडत नाही.

दरम्यान बुरशीही बदलली आहे. भारतीय व नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांवरून जपानमधील संशोधकांनी २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’ या नव्या प्रजातीचे वर्णन केले. एके काळी हमखास गुण देणारे टर्बिनाफिन तिच्यातील अनेक वाणांवर निष्प्रभ ठरते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण आढळल्याचे जाहीर झाले. स्टेरॉइडचा आणि अर्धवट उपचारांचा सुळसुळाट तिच्या प्रसाराला हातभार लावतो, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे.

म्हणून ट्यूबवरील नावापेक्षा त्याखालच्या बारीक अक्षरांतील घटक वाचावेत. साधे बुरशीरोधक मलम कोरड्या त्वचेवर, चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे २ सेंटिमीटरपर्यंत लावावे, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सहसा आणखी २ आठवडे मलम लावण्यास सांगतात. नायटा अंगभर पसरला असेल, डोक्यात किंवा नखांत असेल, तर केवळ मलमावर भागत नाही. पोटात औषध घ्यावे लागते. घरात एकाच टॉवेलवर चौघे अंग पुसत असतील तर एकट्यावरच्या उपचाराला फारसा अर्थ उरत नाही. पायाच्या बोटांमधील चिखल्यांकडेही दुर्लक्ष नको. तेथूनच संसर्ग अनेकदा जांघेत पोहोचतो.

शिब्याची गोष्ट मात्र उलटी. तो एरवीही त्वचेवर वास करणाऱ्या वेगळ्याच बुरशीमुळे होतो आणि ती मेल्यावरही पांढुरके डाग काही महिने राहतात. ते जात नाहीत म्हणून मलम चोळत राहणे व्यर्थ आहे. शंका असल्यास डॉक्टर चट्ट्यावरची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही तपासणी साधी व झटपट होणारी आहे, फक्त ती कोणतेही मलम लावण्याआधी व्हायला हवी.