नंबर तोच, कंपनी दुसरी

एका दुकानदाराचा मोबाइल नंबर दुकानाच्या पाटीवर रंगविलेला आहे. शेकडो गिऱ्हाइकांनी तो टिपून ठेवला आहे. समजा, त्याच्या मोबाइल कंपनीने दर वाढविले. दुसरी कंपनी तीच सेवा महिन्याला ५० रुपये कमी घेऊन देते. तरीही दुकानदार कंपनी सोडण्यास धजत नाही. कंपनी बदलली, तर नंबर बदलणार. आणि नंबर बदलला, तर जुनी गिऱ्हाइके दुरावणार! ५० रुपयांसाठी एवढे नुकसान कोण सोसील?

हा बदलाचा भुर्दंड कंपनीही ओळखून असते. म्हणून नव्या ग्राहकाला ती सवलती देते. परंतु अडकलेल्या जुन्या ग्राहकासाठी दर उतरविण्याची तिला निकड भासत नाही. बाजारात कंपन्या पुष्कळ असूनही त्यांची चढाओढ अशा ग्राहकाच्या उपयोगी पडत नाही.

यावर उपाय म्हणजे, नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा. भारतात ती प्रथम २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात मिळाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. त्यासाठीचे शुल्क प्रारंभी जास्तीत जास्त १९ रुपये होते. ३ जुलै २०१५ पासून परराज्यात गेल्यावरही तोच नंबर ठेवून कंपनी बदलता येऊ लागली.

या सोयीचा लाभ केवळ कंपनी बदलणाऱ्यालाच होतो असे नाही. ग्राहक सहज निघून जाऊ शकतो, हे उमगले की कंपनीला जुन्या ग्राहकाचाही विचार करावा लागतो. जाण्याची वाट मोकळी असली, म्हणजे राहणाऱ्याचाही मान राखला जातो.