सिनाईचं वार्तापत्र : मठाची भाकरी आणि वाळवंटातले भटके

सेंट कॅथरीन (दक्षिण सिनाई, इजिप्त)

इजिप्त म्हटलं की आपल्याकडे नाईल आणि पिरॅमिड आठवतात. सुएझ कालव्याच्या पूर्वेला सुरू होणारा सिनाईचा डोंगराळ, कोरडा मुलूख सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तिथे जबल मुसाच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे १५५० मीटर उंचीवर, सेंट कॅथरीनचा मठ आहे. इजिप्तचे बहुतेक ख्रिस्ती कॉप्टिक पंथाचे, या मठातले साधू मात्र ग्रीक ऑर्थोडॉक्स. भोवतालचे डोंगर जबालिया या बेदुइन जमातीचे, आणि ते मुसलमान. साधू आणि भटके यांचा हा शेजार चौदाशे वर्षांपेक्षा जुना आहे. पोहरादेवीच्या यात्रेत तांडेच्या तांडे उतरताना ज्यांनी पाहिले आहेत, त्या वाशीम जिल्ह्यातल्या वाचकांना तो लगेच उमजेल, म्हणून हे पत्र.

सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियननं मठाला ग्रॅनाइटचा कोट बांधून दिला. जबालिया सांगतात की त्यांचे पूर्वज मठाच्या राखणीसाठी त्याच सम्राटानं धाडलेले शिपाई होते. दहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या युटिकियसनं ही हकीकत लिहून ठेवली आहे : शंभर कुटुंबं रोमी मुलखातली, शंभर इजिप्तची. पुढे त्यांनी इस्लाम स्वीकारला, पण मठाची चाकरी सोडली नाही. आजही मठाच्या बागा, बांधकाम आणि यात्रेकरूंची वाट दाखवणं त्यांच्याकडेच आहे. कोटाच्या आत चर्चशेजारी फातिमी काळातली एक मशीदही उभी आहे. मठवासी मोहम्मद पैगंबरांच्या नावाचं अभयपत्र दाखवतात. त्यावर पंजाचा ठसा आहे. अभ्यासकांत त्याबद्दल वाद असला, तरी शतकानुशतकं मुसलमान राज्यकर्त्यांनी ते मानलं, आणि मठाला संरक्षण मिळालं ते त्या मानण्यामुळेच.

जुने ग्रंथ उघडले तर मात्र भलतंच चित्र दिसतं. चौथ्या-पाचव्या शतकांविषयी साधूंनी लिहिलेल्या कथांत वाळवंटातले भटके, साधूंच्या भाषेत 'सारासेन', बहुतेक वेळा लुटारूच असतात. नायलस या साधूच्या नावावर चालणाऱ्या कथेत ते साधूंची कत्तल करतात. थिओडुलस नावाच्या पोराला पहाटेच्या शुक्रताऱ्याला बळी द्यायचं ठरतं, पण पकडणाऱ्यांना झोप लागते, सूर्य वर येतो आणि पोरगा वाचतो. कथा थरारक आहे, तिची ऐतिहासिकता शंकास्पद. पण त्याच कथेत एक गोष्ट सहज येऊन जाते : फारान गावचे लोक अम्मानेस नावाच्या टोळीप्रमुखाकडे तक्रार धाडतात, आणि तो आपला करार कायम असल्याचं सांगून भरपाईची तयारी दाखवतो. म्हणजे करार होता! लुटीची बातमी झाली, रोजचा व्यवहार तिच्याखाली दबून गेला. माझ्या मते या साऱ्या वाङ्मयाचं मर्म तिथे आहे.

हा व्यवहार जेरुसलेमजवळच्या वाळवंटात लख्ख दिसतो. तिथे युथिमियस (३७७–४७३) नावाचा साधू एकांतात राहत होता. इराणच्या हद्दीतून आलेला अस्पेबेत हा भटक्यांचा नाईक आपला लुळा पडलेला मुलगा तेरेबोन याला घेऊन त्याच्याकडे आला. चरित्रकार सिरिल लिहितो की पोरगा बरा झाला आणि सगळ्या तांड्यानं बाप्तिस्मा घेतला. चमत्काराचं कोणी काहीही म्हणो, पुढचं पाहा. अस्पेबेतनं साधूला पाण्याचं टाकं आणि भाकरीची भट्टी बांधून दिली. साधूनं तांड्याला तळ ठोकायची जागा आणि चर्चची जागा आखून दिली. अस्पेबेत स्वतः पेत्रस या नावानं 'तळांचा बिशप' झाला आणि ४३१ च्या इफेससच्या धर्मपरिषदेत जाऊन बसला. तंबूत राहणारा माणूस साम्राज्याच्या सभेत पोचला, तो एका ब्रह्मचाऱ्याचा हात धरून.

राणी माविया तर त्याच्याही आधीची. ३७८ च्या सुमाराला तिच्या अरब सैन्यानं रोमला जेरीस आणलं. तहासाठी तिनं सोनं मागितलं नाही, आपल्या लोकांचा बिशप म्हणून मोझेस नावाचा वाळवंटातला तपस्वी मागितला, आणि मिळवला.

भटक्यांना साधूच का हवा? सिमिओन स्टायलाइटकडे याचं उत्तर मिळतं. सीरियात हा माणूस तीन तपांहून अधिक काळ एका खांबाच्या माथ्यावर उभा राहिला, ४५९ मध्ये वारला. थिओडोरेट बिशप लिहितो की भटके दोनदोनशे, तीनतीनशेंच्या जथ्यांनी येत, मूर्ती फोडून टाकत. एकदा सिमिओननं त्यांना थिओडोरेटचा आशीर्वाद घ्यायला सांगितलं. अशी झुंबड उडाली की कोणी पुढून ओढतोय, कोणी मागून, कोणी दाढी धरतोय. बिचाऱ्याचा जीव गुदमरला. दुसऱ्यांदा दोन टोळ्या आशीर्वाद कोणाच्या प्रमुखाला मिळावा यावरून हमरीतुमरीवर आल्या. थिओडोरेटचं कोणी ऐकेना. सिमिओननं वरूनच खडसावलं आणि भांडण मिटलं. ज्याला गोत नाही, बायकापोरं नाहीत, कुरणावर हक्क नाही, त्याचा न्याय दोन्ही गोतांना चालतो.

हे वाचताना मला मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी दिसत होतं. सेवालाल महाराज (जन्म १७३९) लदेणीच्या काळातले. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणाऱ्या बंजारा समाजाचे हे ब्रह्मचारी संत, आणि पोहरादेवीला त्यांची समाधी. त्याच गादीवरचे रामराव महाराज २०२० मध्ये गेले, तेही ब्रह्मचारी. फिरत्या समाजाला एक न हलणारी जागा लागते आणि कोणत्याच गोताच्या बाजूचा नसलेला एक माणूस लागतो. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे : सिनाईत साधू परका होता, पोहरादेवीत तो तांड्यातूनच आला.

इकडे सिनाईत मी जबालियांची 'लिब्बा' ही भाकरी खाल्ली. कणकेचा जाड गोळा थापून निखाऱ्यांखाली वाळूत पुरतात, मग काढून राख झटकतात. थेट आपल्याकडचा रोडगा. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांनी लिहिलंय की मठ बेदुइनांना रोज भाकरी वाटत असे. त्या प्रवाशांतल्या काहींना ती खंडणी वाटली. मला ती मजुरी वाटते, कारण वाट, उंट, लाकूडफाटा आणि निरोप हे सगळं मठाला त्यांच्याकडूनच मिळत होतं.

सध्या इथली हवा तापलेली आहे. २०२१ पासून सरकारनं या खोऱ्यात मोठा पर्यटन प्रकल्प चालवला आहे, हॉटेलं उठताहेत. मे २०२५ मध्ये न्यायालयानं मठाला जागा वापरण्याचा हक्क दिला, मालकी मात्र सरकारची ठरवली. ग्रीसमध्ये त्यावरून गदारोळ झाला, दोन्ही सरकारांत बोलणी झाली. त्या बातम्यांत जबालिया क्वचितच दिसले. पूर्वी लेखणी साधूंच्या हातात होती, आज ती राजधान्यांत आहे. आपल्याकडेही १८७१ च्या कायद्यानं कित्येक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये पुसला गेला. लदेणीचा माणूस स्वतःबद्दल काय म्हणत होता, हे त्या सरकारी कागदांत कुठेच नाही.

म्हणून मानोरा, मंगरूळपीर, कारंजा भागातल्या वाचकांना एक विनंती. तांड्यातल्या ज्या म्हाताऱ्या माणसांना लदेणीच्या वाटा, मुक्कामाचे पाणवठे, नाईकांची नावं अजून तोंडपाठ आहेत, त्यांच्यापाशी या उन्हाळ्यात बसा आणि ते सांगतील तसं, गोरबोलीतच, वहीत उतरवून घ्या.