मासा टिकतो तो धुराने की सुकण्याने?

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीच्या संगमावरच्या भामरागडात चुलीवर मिठाविना सुकवलेला मासा धुरामुळे टिकतो, असं सहज म्हटलं जातं. धुरातली फिनॉलं जंतूंना आवरतात, चरबी खवट होऊ देत नाहीत, हे खरंच. पण मुख्य काम पाणी काढून घेण्याचं. शुद्ध पाण्याची जल-सक्रियता, म्हणजे जंतूंना वापरता येणाऱ्या मोकळ्या पाण्याचं माप, १ धरली, तर ०.९१च्या खाली बहुतेक जिवाणू वाढत नाहीत. इटलीतलं पार्मा हॅम, म्हणजे डुकराची मांडी, धुराविना, फक्त मीठ आणि महिनोन्महिन्यांच्या वाळवणीवर तिथवर उतरतं. मग बिनमिठाचा मासा कसा टिकतो? तो पातळ, लवकर सुकतो. ती जाडजूड मांडी मिठाविना आतून सुकण्याआधीच सडेल. पावसाळ्यात मात्र कडकडीत मासाही ओल पिऊन बोटाखाली चिवट लागतो. तेव्हा तो पुन्हा चुलीवर टांगलेलाच बरा.